कोलाडच्या अण्णांना, चिक्कीबद्दल

अण्णा,

सप्रेम नमस्कार.

सहलीहून परत येऊन बारा दिवस झाले. संक्रांतही झाली. शाळेत चाचणीचे पेपर तपासून व्हायचेत, गॅदरिंगच्या नाचांची गाणी दिवसभर कानात वाजतायत, आणि या सगळ्यात तुम्हाला दोन ओळी लिहायच्या राहूनच जातायत. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुम्ही एक अंगठा पाठवून मोकळे झाला असतात. म्हणून म्हटलं, चारचौघांत लिहावं. तुमचं पूर्ण नाव आणि तुमच्या राफ्टिंगच्या, म्हणजे रबरी होडीतून नदी उतरायच्या, कॅम्पचं नाव मात्र लिहीत नाही. "बाई, जाहिरात नको, झेपतात तेवढीच पोरं घेतो," असं निघताना तुम्हीच बजावलंत.

आधी एक कबुली देते. मागच्या वर्षी आठवीची सहल रायगड-प्रतापगड-महाबळेश्वरला गेली, तेव्हा ती पोरगी घरी राहिली होती. तिचं नाव इथं लिहिलेलं तिला आवडणार नाही, तुम्हाला माहीतच आहे. सातवीच्या उन्हाळ्यात तिला टाइप वन डायबेटिस निघाला. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, बोटाला टोचून शुगर बघणं, खाण्याच्या वेळा. यादीतून तिचं नाव मी काढलं, अण्णा. दुसऱ्या कुणी नाही. तिच्या आईला मी शाळेच्या गेटवर सांगितलं, "पुढच्या वर्षी बघू." आईनं मान डोलावली. उसाच्या पट्ट्यातली साधी बाई, शिक्षकांच्या शब्दापुढं बोलत नाहीत ती माणसं. सहलीचे फोटो वर्गात लागले तेव्हा ही पोरगी प्रत्येक फोटोसमोर उभी राहून "हे कुठलंय?" असं मैत्रिणींना विचारत होती. मी फळा पुसत राहिले.

यंदा नववीची साहस सहल ठरली आणि मी मनाशी पक्कं केलं, ती येणार. पुढं काय झालं ते तुम्हाला थोडं ठाऊक आहे, सगळं नाही.

पहिला फोन एका थंड हवेच्या ठिकाणच्या मोठ्या साहस केंद्राला केला. रंगीत पत्रक, झिपलाइनवर हसणारी मुलं. त्यांचा पहिला प्रश्न, "मॅडम, किती मुलं?" दुसरा प्रश्नही तोच, जरा गोड आवाजात. मग शिक्षक फुकट आणि "तुमचं पाकीट वेगळं". 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानंतर पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी लागते, ती आहे का विचारलं तर म्हणाले, "प्रोसेसमध्ये आहे." पोरीचं सांगितल्यावर गोडवा संपला. "तसल्या केसेस नका आणू, मॅडम. इतर मुलांचा मूड जातो."

दुसऱ्यांनी तर मला जास्त घाबरवलं. ते म्हणाले, "आणा की! काय होतंय!" इन्सुलिन म्हणजे काय, जवळचा दवाखाना किती लांब, काही नाही. आणा की. नकार देणाऱ्यानं निदान धोका ओळखला होता.

स्टाफरूममध्येही ऐकावं लागलं. एका पोरीपायी चाळीस जणांचा खोळंबा कशाला, असं एक सर चहा ढवळत म्हणाले. आमचे मुख्याध्यापक वाईट नाहीत, पण त्यांच्या खणात कात्रणं आहेत. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची 14 मुलं गेली, ते एक. जानेवारी 2024 मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, ते दुसरं. बोटीत माणसं जास्त, अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नाही. सहलीचा विषय निघाला की ते खण उघडतात. त्यांना काय बोलणार? त्या दोन शिक्षिका माझ्यासारख्याच सकाळी डबा भरून निघाल्या असतील.

मग एका जुन्या विद्यार्थ्यानं तुमचा नंबर दिला. तुम्ही "किती मुलं?" हे सगळ्यात शेवटी विचारलंत. आधी वयं विचारलीत, पोहता येणारी किती, दम्याचं कुणी आहे का, फिट येणारं कुणी आहे का. नोंदणीच्या कागदाचा फोटो मी मागायच्या आत आला. मी धीर करून पोरीचं सांगितलं आणि नकार ऐकायची तयारी करून बसले. तुम्ही थोडा वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "ती आहे का तिथं? तिला द्या फोन."

दीड वर्षात तिच्याविषयी मी डॉक्टरांशी बोलले, आईशी बोलले, मुख्याध्यापकांशी भांडले. तिच्याशी मात्र "आज टोचलंस का?" यापलीकडं बोलले नव्हते. फोन घेऊन ती नळाच्या कोंडाळ्यापाशी गेली आणि दहा-बारा मिनिटं बोलत उभी राहिली. मधेच हसली. काय बोललात ते ना तिनं सांगितलं, ना तुम्ही. मला तुम्ही एवढंच म्हणालात, "आणा. तिच्या डॉक्टरांकडून पाण्यात उतरायच्या आधी शुगर किती हवी ते लिहून आणा. बाकी तिनं मला सांगितलंय."

तर पहाटे साडेतीनला आमची लाल गाडी निघाली. 41 पोरं, चार शिक्षक. ताम्हिणीत शिरायच्या आधी, मुळशीचं पाणी दिसायला लागल्यावर माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. हे टाटांचं धरण, याच्याविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापट मावळातल्या शेतकऱ्यांना घेऊन उभे राहिले, इथलं पाणी डोंगर उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं, ते वीजघर 1927 पासून चालू आहे, आणि तिथून सुटलेल्या पाण्यावर उद्या तुमचे राफ्ट चालणार. निम्मी पोरं झोपली होती, उरलेल्या निम्म्यांपैकी दोघं उलटी करत होते. असो.

कॅम्पवर उतरल्यावर तुम्ही तिच्या हातातली औषधांची पिशवी घेतलीत आणि तिला मडकं दाखवलंत. नवं, कोरं, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवलेलं. "फ्रीज आहे, पण दुपारी लाइट गेली की नुसतं कपाट," म्हणालात. झाकणीवर खडूनं लिहिलं होतं, "औषध. हात लावू नये." तिच्या घरीही फ्रीज येण्याआधी इन्सुलिन असंच माठाच्या आधारानं ठेवत होते. ती खुदकन हसली.

त्या दिवसाचं रॅपलिंग, बर्मा ब्रिज वगैरे सांगत बसत नाही, पोरांनी निबंधात ते भरपूर लिहिलंय, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. दोन मुलांना मात्र तुम्ही राफ्टमध्ये घेतलं नाहीत. चौदा पूर्ण व्हायला एकाला दीड महिना कमी, दुसऱ्याला तीन. मीसुद्धा रदबदली केली. तुम्ही नकाराची मान हलवलीत ती हलवलीतच. वर त्या दोघांना जीपमध्ये बसवून काठाकाठानं नेलंत आणि गळ्यात शिट्ट्या अडकवल्यात. परत आल्यावर तेच दोघं सगळ्यात जास्त शायनिंग मारत होते.

सकाळी नदीवर तिनं बोट टोचलं. आकडा डॉक्टरांच्या कागदापेक्षा कमी निघाला. केळं खायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, परत बघायचं. मला घाम फुटला, कारण राफ्ट पाण्यात, पोरं अधीर, आणि धरणाचं पाणी कुणासाठी थांबत नाही. तेवढ्यात तुमचा आवाज, "जॅकेटं पुन्हा तपासणार, रांगेत या!" एकेकाला समोर उभं करून खांद्याला धरून जॅकेट वर ओढत होतात. कानापर्यंत आलं की पट्टे पुन्हा आवळायचे. एक्केचाळीस वजा दोन, एकोणचाळीस पोरं. शेवटचं जॅकेट तपासून होईपर्यंत तिची दुसरी पट्टी झाली होती आणि आकडा जागेवर आला होता. मी तेव्हा हा योगायोग समजले. काय म्हणावं माझ्या अकलेला!

आणि मग चिक्की.

साधारण निम्मं अंतर गेल्यावर, संथ पाण्याच्या एका वळणावर तुम्ही हात वर केलात आणि सगळे राफ्ट काठाला लागले. तुमच्या राफ्टला बांधलेला तो मोठा स्टीलचा डबा निघाला. "चिक्की ब्रेक! आपल्या कॅम्पचा नियम आहे, खाल्ल्याशिवाय पुढचं वल्हं नाही." ओले हात, आणि एकोणचाळीस पोरं दातांनी कडाकडा गुळाची चिक्की फोडतायत. आमचे ते चहा ढवळणारे सरसुद्धा. तीही खात होती, दोघींच्या मध्ये बसून, दुसरा तुकडा मागत. कुणीही तिच्याकडं बघत नव्हतं. तिच्याकडं कुणी बघत नाहीये असं मी दीड वर्षात पहिल्यांदा पाहिलं, अण्णा. वर्गात ती डबी काढते तेव्हा चाळीस माना वळतात. माझीही वळते.

दुसऱ्या एका कॅम्पचे राफ्ट आमच्या शेजारून न थांबता सरळ निघून गेले, तेव्हा तुमचा तो सावळा, दाढीवाला नावाडी माझ्या शेजारी पुटपुटला, "पाणी उतरंल. आजच कुठनं काढलं अण्णांनी हे चिक्कीचं? आठ वर्सांत कधी थांबलो न्हाई."

मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही डब्याचं झाकण लावत होतात.

परतीच्या वाटेवर, पौड सोडल्यावर, गाडीत अंधार होता आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी विचारलं, फोनवर काय बोलला होतात गं?

"त्यांनी विचारलं, तुला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो?"

"मग?"

"मी सांगितलं, सगळे बघत असताना एकटीनं खायचा."

मग जरा थांबून म्हणाली, "बाई, तो नियम-बियम काही नसतो त्यांचा. मला कळलं होतं. पण चिक्की चांगली होती."

मी खिडकीकडं तोंड केलं. काच बंद होती आणि बाहेर दिसण्यासारखं काही नव्हतं.

सत्तावीस वर्षं शिकवतेय. परिपत्रकं, संमतीपत्रं, हमीपत्रं यांचे गठ्ठे पाहिलेत, आणि ते लागतातच, त्यांना मी हसत नाही. पण त्यातल्या एकाही कागदावर "मुलाला कशाचा राग येतो?" असा रकाना नाही. तुम्हाला तो कुणी शिकवला? तुम्ही शाळेत कितवीपर्यंत होतात हे विचारायचं राहिलं. चांगुलपणा म्हणजे मोठं मन, मोठा त्याग असं आम्ही सुविचाराच्या फळ्यावर लिहितो. तुम्ही तर फक्त दहा मिनिटं राफ्ट थांबवलेत, नावाड्याची बोलणी खाल्लीत आणि एक लहानशी थाप मारलीत. कॅम्पच्या नियमाची थाप! मूल्यशिक्षणाच्या तासाला हे मी कुठल्या गुणाखाली बसवू, सांगा.

आमच्यात थोडा फरक पडलाय. ते सर आता मधल्या सुट्टीच्या आधी, तिच्या खाण्याच्या वेळेला, वर्गाला पाच मिनिटं देतात. कशासाठी ते सांगत नाहीत. सगळी पोरं डबे उघडतात. मुख्याध्यापकांनी एकदा हटकलं, तर सर म्हणाले, "नियम आहे." कुठला, ते मुख्याध्यापकांनी विचारलं नाही.

त्या थंड हवेच्या केंद्राचा परवा फोन आला होता. उन्हाळी शिबिराची सवलत सांगत होते. किती मुलं, मॅडम? मी म्हटलं, तुमच्यासाठी शून्य. जरा उद्धटच झालं, पण बरं वाटलं.

आता डब्याचं. तुमचा चिक्कीचा डबा आमच्या पोरांच्या सॅकांबरोबर गाडीत आला. कुणी आणला ते कबूल करायला कुणी तयार नाही, पण आत दोन तुकडे होते ते पौडच्या आत संपले, एवढं नक्की. महाडच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर आमच्या गावचा आहे, त्याच्याकडं देतेय. तो शुक्रवारी सकाळी कोलाड स्टँडवर तुम्हाला फोन करेल. डबा जड लागेल. तिच्या आईनं तिळाच्या वड्या भरल्यात, काठोकाठ. माझ्या हातात देताना एवढंच म्हणाली, "त्यांना सांगा बाई, डबा रिकामा परत करायचा नसतो."

आपली,
नववी ब च्या वर्गशिक्षिका

ता. क. दाढीवाल्या नावाड्यालाही द्या. जास्त द्या.