रेल्वे आली, माणसे राहिली नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्र शासनानेही मे २०२५ मध्ये संमती दिली, तेव्हापासून ही रेल्वे चालवणाऱ्या महामंडळाचे कर्ज आणि त्यातले राज्यांचे भांडवल यांविषयी बरेच लिहून येत आहे. ज्या पिढीने या रेल्वेच्या भरवशावर आयुष्याचे बेत आखले, तिच्यापैकी एक म्हणून त्या बेतांचे काय झाले तेही नोंदवावेसे वाटते.

राजापूर तालुक्यातील आमच्या वाडीत माझ्या लहानपणी कर्ता पुरुष बारमाही घरी असणे हाच अपवाद होता. वडील आणि दोन्ही काका मुंबईत चाकरमानी; घर मनीऑर्डरवर चालायचे आणि भातशेती आई व आजी पाहायच्या. बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर १९७१ पासून प्रा. मधु दंडवते या आमच्या खासदारांनी रेल्वेची मागणी लावून धरली होती. वडीलधारी माणसे पडवीत बसून त्यावर बोलत, तेव्हा मुंबईला लवकर पोहोचण्याची सोय एवढाच रेल्वेचा अर्थ कोणी घेत नसे. रेल्वे आली की कारखाने येतील, आंबा-काजूला दर मिळेल आणि पुढच्या पिढीला मुंबईत खोली शोधत फिरावे लागणार नाही, असे ते गणित होते. मीही मॅट्रिकनंतर मुंबईला गेलो तो चार वर्षे काढून रत्नागिरीत नोकरी धरायची, याच इराद्याने. निवृत्त होईपर्यंत मुंबईतच राहिलो.

१९९० साली महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली डोंगर फोडले गेले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल पाहून आजही ऊर भरून येतो. नाथ पैंना हे पाहायला मिळाले नाही. दंडवत्यांना मिळाले, याचे समाधान वाटते. आमच्या भावकीची कलमांची जमीन या मार्गात गेली, पण त्याबद्दल घरात कधी कुरकुर ऐकली नाही. आयुष्यभर मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर अंगठा उठवलेली माझी आई म्हातारपणी याच गाडीने पहिल्यांदा मुंबईला आली. एस.टी.चा प्रवास तिला सोसत नसे, म्हणून तोवर कधी आलीच नव्हती. वडील जिथे पाळीपाळीने झोपत असत, ती गिरगावातली खोली तिला दाखवली. बराच वेळ उंबऱ्यातच उभी राहून, ‘एवढ्यात राहात होते?’ इतकेच ती म्हणाली. माझ्यापुरते बोलायचे तर रेल्वेचे सगळे पैसे तिथेच फिटले.

वाडीचे गणित मात्र चुकले. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांच्या वर होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही घटच झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना, रेल्वे आल्यानंतरच्या पहिल्याच पूर्ण दशकात हे घडले. याचा दोष रुळांना देणे मला पटत नाही. गाडी माणसाला काम असेल तिकडे नेते, आणि काम आमच्या टोकाला उभेच राहिले नाही. रायगडमधल्या कोलाडपासून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढून जातात; ही अभिनव सेवा कौतुकास्पद खरी, पण तो माल आमच्या दारावरून जातो, थांबत नाही. आता माझा मुलगा पुण्यात आहे आणि गणपतीचे आरक्षण खुले होताच काही मिनिटांत प्रतीक्षायादीत जाऊन बसतो. निवृत्तीनंतर गावी परतण्याचे माझे स्वप्न पुरे झाले; त्याला मात्र असे स्वप्नच नाही, आणि त्यासाठी त्याला बोल लावावा असे मला वाटत नाही.

ज्यांना अजून गावात राहायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र काही करता येण्याजोगे आहे. रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी या पट्ट्यात महाविद्यालये, रुग्णालये, कचेऱ्या आहेत. पण सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल अशा कमी अंतराच्या पुरेशा गाड्या नाहीत. लांब पल्ल्याच्या गाड्यांना वाट देण्यासाठी पॅसेंजर बाजूला थांबवावी लागते, कारण रायगड जिल्ह्यातील वीर स्थानकाच्या दक्षिणेला मार्ग अजून एकेरीच आहे. स्थानके गावापासून दूर, ही आणखी एक अडचण. ‘राजापूर रोड’ या नावावर भिस्त ठेवून उतरणाऱ्या पाहुण्याला राजापूर शहर गाठताना ती चांगलीच कळते. विलीनीकरणानंतरही ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे, अशी अट शासनाने घातली आहे. तिच्या जोडीला दुपदरीकरणाची मुदत आणि जिल्ह्यांतर्गत सकाळ-संध्याकाळच्या गाड्या या दोन अटी लेखी घालून घ्याव्यात, आणि कोकणातील लोकप्रतिनिधींनी हा विषय पक्षभेद बाजूला ठेवून येत्या अधिवेशनात मांडावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त चाकरमानी
ता. राजापूर, जि. रत्नागिरी