स्टेल्व्हिओ घाटातल्या आजी-आजोबांना

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं भाड्याची जुनी, उघडी स्पोर्ट्‌स कार घेऊन इटलीतला स्टेल्व्हिओ घाट चढत होतो. पायथ्याच्या प्रातो गावाकडून 48 वळणं, माथा 2,757 मीटरवर. निम्म्याहून अधिक चढलो आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याचा पट्टा, म्हणजे फॅन बेल्ट, तुटला.

तेवढ्यात आमच्यासारख्याच गाडीतून तुम्ही आलात. आजोबा, रेडिएटरचं झाकण उघडायला निघालेल्या ह्यांचा हात तुम्ही धरलात. इंजिन निवल्यावर तुमच्या डिकीतला राखीव बेल्ट काढलात, त्याच पट्ट्यावर फिरणारा, वीज तयार करणारा डायनामो सैल करून तो बसवलात, अंगठ्याने दाबून ताण पाहिलात. पैसे घेतले नाहीत. वर माथ्यापर्यंत आमच्या मागेमागे आलात!

आजी, मी कुडकुडत होते. तुम्ही अंगावरची शाल मला पांघरलीत, परत घेईनात. पुण्यात ती रोज माझ्या उशाशी असते. मनापासून आभार.