वस्ताद, कारणं सांगितलीत त्याबद्दल

वस्ताद,
सप्रेम नमस्कार.

छपराची कामं आता मी स्वतःच्या नावावर घेतो, हे तुमच्या कानावर आलंच असेल. फोनवर आभाराचं वाक्य तुम्ही पुरं होऊ देत नाही, लगेच विषय बदलता. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय.

काम सांगणारे मला तुमच्याआधीही भेटले होते. 'इथे स्क्रू मार', 'तिकडून पत्रा धर', बस्स. 'का' विचारलं की 'आधी हात चालव' हे ठरलेलं उत्तर. तुम्ही ड्रिल हातात देण्याआधी कारण दिलंत. नळीच्या पत्र्याला स्क्रू माथ्यावर, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं आणि त्याच्या वाटेत भोक नको. रबरी वॉशर कडेने किंचित फुगला की थांबायचं. जास्त आवळला तर पुढे तडकतो, सैल राहिला तर थेंब आत शिरतो. पत्रे मांडायची सुरुवात वारा येतो त्याच्या विरुद्ध टोकाकडून, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्यापुढे येत नाही. उतार जितका कमी तितका वरचा पत्रा खालच्यावर जास्त चढवायचा, नाहीतर रेंगाळलेलं पाणी वाऱ्याने उलटं आत ढकललं जातं. कडेला आणि कोपऱ्यांत स्क्रू जास्त, कारण वारा छप्पर उचलतो ते तिथूनच. आणि ड्रिलचा कीस! काम संपल्यावर तो झाडून काढायला मला कुणीच सांगितलं नव्हतं. राहिला तर तिथेच गंजतो आणि नव्याकोऱ्या पत्र्यावर डाग पाडतो. आजही काही जणांची कामं खालून बघूनच कळतं की झाडू फिरलेला नाही.

सुरुवातीला तुम्ही मला वर चढूच देत नव्हता, त्याचा राग यायचा. मापं घे, माल मोज, शिडी धर. शिडीचं गणित मात्र तेव्हाच पक्कं झालं: चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर, वरचं टोक छपराच्या कडेपेक्षा तीन फूट उंच, आणि वरून बांधलेली. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर फळीशिवाय पाय नाही, आणि फळीही पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधारावर, टेकलेली हवी. उजेडासाठी बसवलेले प्लास्टिकचे पत्रे धुळीने माखले की बाकीच्यांसारखेच दिसतात. त्यांच्यावर चुकून पाय पडू नये म्हणून चढण्याआधी आतून वर बघून त्यांच्या जागा खुणावून ठेवायच्या. हार्नेस, म्हणजे पडू नये म्हणून दोराला अडकवायचा पट्टा, घालून तो नुसता मिरवणाऱ्यांना तुम्ही काय काय बोलायचात, ते इथे लिहीत नाही. पण दोर कशाला अडकवलाय हे आधी बघायची सवय त्या बोलण्यानेच लागली.

एकदा मालक खाली घाई करत होते आणि वारा सुटला म्हणून तुम्ही सगळ्यांना उतरवलंत. लांब पत्रा हातात असताना त्यात वारा भरला तर माणूस पत्र्यासकट जातो. आमची मजुरी त्या दिवशी तुम्ही खिशातून दिलीत. त्याचे आभार वेगळे.

माझं पहिलं स्वतंत्र काम गळतीचं होतं, तेही तुम्हीच माझ्याकडे पाठवलेलं. घरमालकाने छताचा ओला डाग दाखवला आणि म्हणाले, बरोबर याच्या वर डांबर लावा. मी टॉर्च घेऊन आधी आत शिरलो. पाणी वाशावरून ओघळत खाली आलं होतं. शिरत होतं ते बरंच वर, आढ्याच्या कोन्याखालून, म्हणजे आढ्यावरचा जोड झाकणाऱ्या पत्र्याखालून. डाग आणि भोक एकाच जागी असतील असं नाही, हे तुम्ही कितीदा घोकून घेतलं होतंत! स्क्रू बदलले, कोना नीट बसवला, डांबराला हातही लावला नाही.

हिशेबाचंही तुमच्यामुळेच जमलं. कोने, पन्हळ, स्क्रू, परांची, जुना माल उतरवणं, सगळं अंदाजपत्रकात वेगवेगळं लिहायचं. 'एकूण छप्पर' म्हणून एकच आकडा सांगितला की भांडण पुढे उभंच. फक्त समोरच्याने 'काही कमी करा' म्हटलं की अजून माझी जीभ अडखळते. तुमच्यासारखं शांतपणे टेपची पट्टी गुंडाळत बसणं मला जमत नाही.

आता एक विनंती. पुढचं काम कौलारू आहे आणि दोन उतार मिळतात तिथली पन्हळ पूर्ण बदलायची आहे. कौलांचं तुमच्याकडून शिकायचं राहिलं, तेव्हा या कामाला तुम्हाला यावंच लागेल. मजुरी वस्तादाची लावणार, आणि त्यावर तुमचं काही ऐकणार नाही.

तुमचा शिष्य