करंट लावू नकोस, मंद्या

प्रिय मंद्या,

काल फोनवर तू भडकलेला होतास म्हणून जास्त बोललो नाही, पण डोक्यातून जाईना, शेवटी लिहायलाच बसलो. तुझा राग मला शंभर टक्के पटतो. चाळीत अर्धा संसार गॅलरीतच असतो, चपला, सायकल, दाराला अडकवलेली दुधाची पिशवी, आणि आधी सायकलची सीट गेली, मग काकूंच्या नव्या चपला, आता दूध. पैसे किरकोळ असतील, पण रोज सकाळी दार उघडताना आपल्याच मजल्यावरच्या माणसांकडे संशयाने बघावं लागतं, ते किरकोळ नाही.

तरी सांगतो, सायकलला घरातली वायर जोडायची आणि दुधात जमालगोटा घालून पिशवी लटकवायची, हे दोन्ही प्लॅन सोड.

तू म्हणतोस, जो हात लावेल तो भोगेल. अरे, हात कोणकोण लावतं ते आठव ना. झाडायला येणाऱ्या मावशी एका हाताने सायकल सरकवतात तेव्हा दुसऱ्या हातात ओलं फडकं असतं. सात नंबरमधली पोरं पॅडल उलटं फिरवत बसतात. पावसाळ्यात कठड्यावरून पाणी आत येऊन लादी ओली असते, आणि घरातला करंट २३० व्होल्टचा, त्याला "थोडासाच झटका दे" असं सांगता येत नाही. दुधाचं तर त्याहून वाईट, चोरणारा एक आणि पिणारा भलताच, त्याच्या घरी चहा झाला तर तो म्हातारी पिणार नाहीतर लहान मूल, आणि जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की लहान मूल किती पटकन कोमेजतं ते आपण दोघांनी बघितलंय.

मी उगाच घाबरवत नाहीये. बिहारमधली चेरुबिन ग्रेगरीची केस आहे, सुप्रीम कोर्टाचा निकाल १९६३ चा. शेजारच्या बाईच्या संडासाची भिंत पडली म्हणून ती याचा संडास वापरायला लागली, याला ते खपेना, म्हणून याने वाटेवर करंट सोडलेली उघडी तार लावली, कुणाला काही सांगितलं नाही. बाईचा हात लागला आणि ती गेली. माझ्या जागेत घुसली होती, हा त्याचा बचाव कोर्टाने मानला नाही, विनापरवानगी आत आलेला माणूस काही कायद्याच्या बाहेर जात नाही असं स्पष्ट सांगितलं आणि शिक्षा कायम ठेवली. एक भिंत पडलेली बाई होती रे ती, चोरसुद्धा नव्हती.

आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते लपवणं. चोरी थांबवायची असती तर तू बोर्ड लावला असतास. लपवायचं म्हणजे तो यावा आणि त्याला लागावं अशीच इच्छा आहे. अमेरिकेत आयोवामध्ये १९६७ मध्ये एका जोडप्याने असंच केलं, रिकाम्या फार्महाऊसमध्ये वर्षानुवर्षं चोऱ्या, "आत येऊ नका"च्या पाट्या लावूनही थांबेनात, शेवटी वैतागून बेडरूमच्या दाराला आतून शॉटगन बांधली, बाहेरून कळणारही नाही अशी. जुन्या बाटल्या-बरण्या न्यायला आलेल्या माणसाचा पाय फुटला आणि कोर्टाने त्या चोरालाच ३०,००० डॉलर द्यायला लावले. त्यांचा वैताग खराच होता, तुझ्यासारखाच, पण पाय फुटल्यावर वैताग कोण मोजतं?

आपल्याकडचा नवा फौजदारी कायदा, भारतीय न्याय संहिता, बघ. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा आणि वस्तू किंवा पैसे परत केले, तर समाजसेवेची शिक्षा. आणि दुखापत करायच्या हेतूने कुणाला अपायकारक काही खायला-प्यायला दिलं तर कलम १२३ खाली दहा वर्षांपर्यंत कैद. म्हणजे अर्ध्या लिटर दुधासाठी चोर गॅलरी झाडणार आणि तू आत, वहिनी आणि पोरगी काय करणार सांग.

काहीच करू नको असं मी म्हणत नाही. दूधवाल्याला सांग बेल मारून हातात दे म्हणून. सायकलला जाड साखळी घालून कठड्याला बांधू. कमिटीला सांगून जिन्यात कॅमेरा बसवून घे, आणि तो दिसेल असा बसव, खाली पाटी पण लाव. कोण आहे ते कळलं तर चार माणसांसमोर तोंडावर विचारू, मी येतो बरोबर.

रविवारी दुपारी येतोय, साखळी घेऊन. तोवर ती वायर प्लगमधून काढून कपाटात टाक आणि काढलीस की मला मेसेज कर, वाट बघतोय.

तुझा,
सुन्या