शेवटच्या फळीआधी

हॅलिफॅक्स,
१५ फेब्रुवारी

प्रिय दिन्या,

होडी बांधण्याबद्दल आबांना विचारून मला एक गोष्ट कळव, त्यासाठी हे पत्र. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, आणि प्रश्न असा आहे की तो समजायला मागचं सगळं सांगावं लागेल. तेव्हा सवडीने वाच, आणि संध्याकाळी पडवीत बसून त्यांनाही वाचून दाखव.

मी एक जहाज बांधतोय. दीड हात लांबीचं, लाकडी, दोन डोलकाठ्यांचं. किट आणलंय. खोक्यात लेझरने कापलेले भाग, पट्ट्यांच्या जुड्या, दोऱ्याची रिळं, बारीकसारीक पितळी सामान आणि मोठमोठे नकाशे. ऑक्टोबरअखेर सुरुवात केली. हिवाळ्यात इथे साडेचारलाच अंधारून येतं. जेवणं आटोपली की मी तळघरात उतरतो आणि दोन तास तिथेच असतो. मी कधी रंधा हातात धरला नव्हता, हे तुला माहीत आहे.

जहाजाचं नाव ब्लूनोज. इथल्या, कॅनडाच्या, १० सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून एक शिडाचं जहाज आहे. आठ वर्षं ते नाणं माझ्या खिशात होतं आणि मी कधी त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात लुनेनबर्गला गेलो. इथून गाडीने तासाभरावर आहे ते गाव. तिथे कळलं की नाण्यावरचं जहाज याच गावात बांधलं. आणि तेही मच्छीमारांचं!

त्याची गोष्ट आबांना नक्की आवडेल. १९२० मध्ये इथल्या वर्तमानपत्राचे मालक विल्यम डेनिस यांनी मासेमारीच्या जहाजांसाठी शर्यतीचा चषक ठेवला. अट अशी की जहाज खरोखर मासेमारी करणारं हवं, हौसेचं चालणार नाही. पहिल्या वर्षी चषक अमेरिकेत ग्लॉस्टरला गेला आणि इथल्या लोकांना ते फार लागलं. मग विल्यम रुए यांच्याकडून आराखडा करून घेतला. रुए यांच्या घरचा सोडावॉटरचा धंदा, आणि जहाजाची रचना ते स्वतःच पुस्तकं वाचून शिकलेले. २६ मार्च १९२१ रोजी स्मिथ अँड रुलँड यांच्या गोदीतून ब्लूनोज पाण्यात उतरलं. पूर्ण हंगाम ग्रँड बँक्स या उथळ समुद्रात कॉड मासा पकडला आणि ऑक्टोबरमध्ये ग्लॉस्टरच्या एल्सी या जहाजाला हरवून चषक परत आणला. कप्तान अँगस वॉल्टर्स. १९३८ मध्ये शेवटची शर्यत जिंकली तेव्हा जहाज १७ वर्षांचं होतं. खाऱ्या पाण्यात राबलेल्या लाकडी जहाजाचं हे म्हातारपणच. पुढे ते विकलं, कॅरिबियन समुद्रात माल वाहू लागलं आणि जानेवारी १९४६ मध्ये हैतीजवळ खडकावर आदळून संपलं.

माझं जहाज त्याच्या चौसष्टाव्या हिश्शाचं. खरं ४३ मीटरांहून थोडं जास्त लांब, माझं ६८ सेंटिमीटर. या मापात उभा माणूस २७ मिलिमीटरचा होतो. मी पुठ्ठ्याचा एक माणूस कापून टेबलावर ठेवलाय. एखादी गोष्ट जास्तच जाड किंवा बोजड होतेय असं वाटलं की त्याला तिच्याशेजारी उभा करून बघतो.

नकाशांवरून एक आठवलं. आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी सागाची एक लढाऊ फ्रिगेट बांधली, ट्रिंकोमाली. १८१७ मध्ये ती पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिचे नकाशे इंग्लंडहून ज्या जहाजातून निघाले होते ते जहाज १८१२ मध्ये लढाईत नष्ट झालं. नकाशांचा दुसरा संच यायची वाट बघावी लागली. माझा एक नकाशा चहाने भिजला तेव्हा मी दिवसभर हळहळलो होतो. ही गोष्ट वाचली आणि तो कागद इस्त्री करून भिंतीवर लावला.

आता बांधणीचं सांगतो. किटमध्ये एक लांब सपाट फळी येते. आबा ज्याला पठाण म्हणतात तो कणा, पण इथे नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंतचा सगळा उभा छेद त्यात येतो. त्यात खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक आडवी बरगडी बसते. जहाज आतून भरीव नसतं, हा माशाच्या काट्यासारखा सांगाडाच त्याला आकार देतो. माझा कणा मुळातच किंचित पिळवटलेला होता. तो काचेवर ठेवून वर पुस्तकांचा ढीग रचला आणि चार दिवस हात लावला नाही.

सांगाडा चिकटवल्यावर मला वाटलं, आता फळ्या मारायच्या. पण बरगड्यांच्या कडा काटकोनात कापलेल्या असतात आणि फळी तर नाळेकडे वळत जाते. म्हणून प्रत्येक बरगडीची कड उतरती घासावी लागते, तरच फळी पूर्ण रुंदीभर टेकते. हे पुस्तिकेत एका ओळीत लिहिलंय. मी तेवढ्यातच उरकलं. दोन दिवस घासलं आणि पुरे म्हटलं.

दुसरी चूक त्याहून मोठी. उजव्या बाजूच्या पहिल्या फळ्या इतक्या छान बसल्या की मी त्याच बाजूला लागोपाठ पाच मारल्या. सहाव्या दिवशी वरून पाहिलं तर सगळा सांगाडा काकडीसारखा वाकलेला. डिंक वाळताना ओढतो, आणि दुसऱ्या बाजूने ओढणारं काहीच नव्हतं. नाळ मधल्या रेषेपासून तीन मिलिमीटर उजवीकडे. मला त्या रात्री झोप लागली नाही, खरंच सांगतो. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. पांढरा लाकडी डिंक त्याने मऊ पडतो. ब्रशने लावत, पातळ पातं सरकवत दोन रात्रींत पाचही फळ्या उकलल्या. मग बरगड्यांच्या कडा पुन्हा घासल्या, यावेळी नऊ दिवस. एक पातळ, लवचीक पट्टी आडवी धरून प्रत्येक बरगडीला ती टेकते का, मध्ये उजेड दिसतो का, हे बघत बघत. त्यानंतर एक फळी डावीकडे, एक उजवीकडे, हा नियम मोडला नाही.

नऊ दिवसांच्या त्या घासण्यात मला तुमचं अंगण आठवत होतं. आबा होडीच्या पोटावरून डोळे मिटून हात फिरवायचे, आठवतं? आपण बाजूला ढलप्या गोळा करत असायचो. मला वाटायचं ते दमलेत. आता कळतंय की उंचसखलपणा डोळ्याला दिसायच्या आधी बोटांना लागतो.

फळ्यांचं गणित मात्र मला सगळ्यात आवडलं. जहाजाच्या पोटाशी, मध्यभागी, वरच्या कडेपासून कण्यापर्यंत कागदाची पट्टी लावून मोजलं तर ११२ मिलिमीटर भरतं. फळी ४ मिलिमीटर रुंद, म्हणजे एका बाजूला २८ फळ्या. त्याच २८ फळ्या नाळेशी जेमतेम ७० मिलिमीटरांत मावायला हव्यात. म्हणजे तिथे प्रत्येकीची रुंदी अडीच मिलिमीटर. सगळ्या फळ्या पुढे निमुळत्या कापायच्या. मागच्या टोकाला उलटं, तिथे जागा जास्त आणि फळ्या कमी. मग मध्ये एक पाचर घालायची, शिंपी झग्याला कळी लावतो तशी. मी आईच्या जुन्या झग्याच्या कळ्या डोळ्यांसमोर आणल्या आणि ते एका क्षणात समजलं. पुस्तिकेतली आकृती आठवडाभर पाहून समजलं नव्हतं.

आणि फळी जिथे जायला नको म्हणते तिथे रेटली तर एक कड बरगडीला टेकते आणि दुसरी वर उठते. मी चिमट्यांनी, टाचण्यांनी, अंगठ्याने दाबून पाहिलं. चिमटा काढला की ती परत उठायची. तेव्हा आबांचं वाक्य जसंच्या तसं कानात आलं, "जोर करू नको रे, फळी उठतली." ते मला नव्हे, त्या नव्या पोराला ओरडले होते. चाळीस वर्षांनी ते मला लागू पडलं. आता फळी आधी कोमट पाण्यात भिजवतो, टेबलावर हवं तेवढं आडवं वळण देऊन चिमट्यात अडकवतो आणि केस वाळवायच्या यंत्राने सुकवतो. सुटली की ती आपणहून जागेवर बसते, बोटाने धरली तरी पुरते. आबा फळीखाली जाळ करायचे, वर पाणी शिंपडायचे आणि टोकाला दगड टांगायचे. तीच गोष्ट.

हाताखालच्या या सगळ्या कामात मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या डोऱ्या. ब्लूनोजच्या डेकवर आठ सपाट बुडाच्या छोट्या होड्या असायच्या, बसायच्या फळ्या काढून एकीत एक रचलेल्या, आपल्याकडे वाट्या रचतात तशा. मासे जहाजावरून नाही, या होड्यांतून पकडायचे. एकेका होडीत दोन माणसं, शेकडो गळांची लांब दोरी, आणि ग्रँड बँक्सचं धुकं. धुक्यात होडी चुकली की अनेकदा ती चुकलीच. लुनेनबर्गच्या धक्क्यावर होकायंत्राच्या आकारात काळ्या दगडाचे खांब उभे केलेत आणि त्यांवर समुद्रात गेलेल्यांची नावं कोरली आहेत. एकाच आडनावाची माणसं ओळीने. १९२६ आणि १९२७ च्या ऑगस्टमधल्या वादळांत इथली जहाजं माणसांसकट गेली. ब्लूनोजशी शर्यत लावलेलं कोलंबियाही १९२७ च्या त्याच वादळात बुडालं. आपल्याकडे ऑगस्टात नारळीपौर्णिमा असते, सोन्याचा कागद लावलेला नारळ देऊन दर्याला शांत हो म्हणतात. त्या खांबांसमोर उभा असताना माझे हात नकळत जोडले गेले.

माझ्या डोऱ्या बोटभर लांब आहेत. पहिली तीनदा केली. आठही तितक्याच नीट करणार आहे.

सईला सुट्टीत असं काही करायचंय असं तू म्हणालास. तिला हे जहाज घेऊन देऊ नकोस. एकट्या डोरीचं किंवा छोट्या होडीचं किट मिळतं, दहा-बारा फळ्यांचं. त्यात बरगडी घासणं, फळी निमुळती करणं, वळवणं, सगळं येतं, आणि चूक झाली तर एका रविवारी उकलता येतं. मी तिथून सुरुवात करायला हवी होती. हत्यारं फार लागत नाहीत. धारदार सुरी आणि तिची जास्तीची पाती, पोलादी पट्टी, हाताने फिरवायचं बारीक गिरमिट, तीन-चार जाडीचे पॉलिश पेपर, पांढरा डिंक आणि कपड्यांचे भरपूर चिमटे. झटकन चिकटणारा डिंक तिच्या हातात देऊ नकोस. त्याने बोटंही चिकटतात, आणि चुकीची फळी काढता येत नाही. आणि आबा शेजारी बसले तर तिला पुस्तिका लागणारच नाही.

डोलकाठ्या अजून बाकी आहेत. चौकोनी काठीला आधी आठ पैलू पाडायचे, मग सोळा, मग गोल करायची, वर निमुळती करत न्यायची. त्यानंतर दोर आणि गाठी, त्याला वर्ष लागेल असं दिसतंय. मला घाई नाही.

आता प्रश्न. वरून खाली आणि कण्यापासून वर अशा दोन्हीकडून फळ्या मारत आलोय. दोन्ही बाजूंना सत्तावीस झाल्या. आता प्रत्येक बाजूला एकच फट उरली आहे, जिथे पोट खाली वळतं तिथे. डावीकडची फट मध्यभागी ४ मिलिमीटर आहे, उजवीकडची साडेपाच. मी मोजूनच केलं होतं, तरी दीड मिलिमीटरचा फरक कुठून आला हे सापडत नाही. दोन फळ्या कापून ठेवल्यात, पण बसवायचा धीर होत नाही.

आबांना विचार, शेवटची फळी ते कशी घ्यायचे? फटीवर कागद धरून तिचा ठसा घ्यायचे, की फळीच फटीवर धरून खुणा करायचे? कडा सरळ ठेवायचे, की आतून निमुळत्या करून बाहेरून ठोकून बसवायचे? आणि दोन बाजूंच्या फटी सारख्या नसल्या तर काय करायचे? मोठ्या फटीसाठी रुंद फळी घ्यायचे, की शेजारच्या फळ्या घासून दोन्ही फटी सारख्या करायचे? त्यांच्या होड्यांत असा फरक कधी पडला होता का, हेही विचार. मला ते ऐकायचंय.

ते बोलत असताना तू फोनवर त्यांचा आवाज भरून घे. शब्द बदलू नकोस, त्यांच्या मालवणीतच पाठव. तोपर्यंत मी फळ्यांना हात लावत नाही, डोऱ्या करत बसतो.

सुलभावहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद. आबांच्या पायांना माझ्या वतीने हात लाव.

तुझा,
बाळा