दोनशे तासांचा पायलट आणि तुझा प्रश्न

कोथरूड, पुणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. लेकीच्या हातात कमर्शियल पायलटचं लायसन्स आलं, फार आनंद झाला. तिचं माझ्याकडून तोंड भरून कौतुक कर. पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "दोनशे तास उडवलेल्या पोरांना एकदम पावणेदोनशे प्रवाशांच्या विमानात बसवावं का? माझी मुलगी आहे म्हणून गोड बोलू नकोस." हे काही फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. माझं मत आहे, बसवावं. एअरलाइननं त्यांना थेट घ्यावं, पण घेतल्यावर घडवण्याची जबाबदारीही तिनंच उचलावी. आपल्याकडे घोडं अडतं ते इथं.

तुझ्या मेहुण्यांनी सांगितलेला अमेरिकेतला १५०० तासांचा नियम खरा आहे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोलगन एअरचं विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळलं, ५० माणसं गेली. नातेवाइकांनी सरकारचा पिच्छा सोडला नाही. २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून को-पायलटलाही साधारण १५०० तासांची अट लागली. त्या माणसांच्या चिकाटीपुढे मी हात जोडतो. पण त्या विमानाच्या कॅप्टनकडे तीन हजारांच्या वर तास होते आणि को-पायलटकडे दोन हजारांच्या वर. दोघंही या नियमात आरामात बसले असते. स्टॉलचा, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल तुटण्याचा, इशारा म्हणून कंट्रोल कॉलम (विमानाचं नाक वर-खाली करायचा दांडा) हातात थडथडायला लागला, तेव्हा कॅप्टननं तो पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढला. त्या क्षणी काय करायचं हे हातात मुरलेलं असावं लागतं, आणि ते सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा करूनच मुरतं.

२०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मॅक्स विमान पडलं, तेव्हा को-पायलटच्या ३६१ तासांवर जगभर बोट ठेवलं गेलं. मला त्याचा आजही राग येतो. दोष विमानाच्या रचनेत होता, आणि त्या धुमश्चक्रीत 'स्टॅब ट्रिम कटआउट', म्हणजे नाक खाली दाबणारी मोटर बंद करू, असं सुचवणारा आवाज त्याच मुलाचा होता.

आपल्याकडे १५०० तासांची अट आणली तर पोरांनी ते तास जमवायचे कुठे? अमेरिकेत लहान विमानांचा पसारा मोठा आहे, शिकवत शिकवत तास वाढतात. इथे बारामती, गोंदिया, धुळे अशा ठिकाणच्या संस्थांमध्ये इन्स्ट्रक्टरच्या जागा किती असणार? मग पैसेवाल्यांची मुलं परदेशात जाऊन तास विकत घेतील आणि बाकीच्यांच्या लॉगबुकात न उडालेले तास भरले जातील. खोट्या कागदांची ही नुसती भीती नाही. २०११ मध्ये गोव्यात एक विमान आधी नाकाकडच्या चाकावर टेकलं, त्याच्या चौकशीतून कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या परवान्यासाठी दिलेल्या खोट्या गुणपत्रिका बाहेर आल्या. विमान कॅप्टनच्या हातात होतं, नवख्या को-पायलटच्या नव्हे.

शिवाय विहिरीत कितीही सूर मारले तरी समुद्राची लाट कळत नाही. शिकायचं छोटं सेस्ना विमान उतरतं ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, एअरलाइनचं ए३२० अडीचशेच्या. मी कॅप्टन म्हणून डावीकडे बसतो आणि माझ्या उजवीकडे नवी मुलं को-पायलट म्हणून बसतात ना, त्यांची पहिली काही लँडिंग जवळपास सारखीच असतात. डोळे धावपट्टीच्या अगदी अलीकडच्या टोकाला खिळलेले, साइडस्टिक (विमान वळवायची बाजूची दांडी) मुठीत आवळलेली. मी म्हणतो, "नजर लांब टाक, पार शेवटाकडे." नजर लांब गेली की मूठ आपोआप सैल होते आणि विमान नीट टेकतं. सुरुवातीला मागे सेफ्टी पायलट बसलेला असतो. पावसाळ्यात हवा बिघडली की टेक-ऑफ आणि लँडिंग कॅप्टननंच करायचं. पोरगी काही एकटी विमान नेत नसते, हे वहिनींना जरूर सांग.

तरी एक गोष्ट मला सतावते. २२ मे २०१० ला मंगळूरला १५८ माणसं गेली. को-पायलटनं तीनदा 'गो अराउंड', म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असं म्हटलं होतं, कॅप्टननं ऐकलं नाही. त्या को-पायलटकडे तर हजारो तास होते. मग तेविसाव्या वर्षी, कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना, वडिलांच्या वयाच्या कॅप्टनला "सर, हे चुकतंय" असं म्हणायची छाती कुठून येणार? आम्ही डावीकडे बसणाऱ्यांनी ती त्यांना द्यायला हवी. मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो, की तू गो अराउंड म्हणालास की मी वाद न घालता वर जाणार, बोलणं जमिनीवर. जो कॅप्टन हे करत नाही त्याच्या शेजारी नवखं मूल बसवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि पैशाचं. लायसन्सला लाखो रुपये, वर टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवायच्या प्रशिक्षणाचे, वेगळे लाख. एअरलाइनशी जोडलेले कॅडेट अभ्यासक्रम तर कोटीच्या घरात जातात. शेत किंवा घर गहाण टाकून आलेली मुलं मी पाहिली आहेत. ती दमलेली असली तरी "आज जमणार नाही" म्हणत नाहीत, आजारी असली तरी येतात. हा धोका मला दोनशे तासांपेक्षा मोठा वाटतो. ज्या कंपनीला पायलट हवाय तिनं टाइप रेटिंगचा खर्च करावा, बदल्यात चार-पाच वर्षांची हमी घ्यावी. निवड कडक असावी, चार उमेदवार कमी घेतले तरी चालेल.

तेव्हा लेकीला एअरलाइनचं नेमणुकीचं पत्र आलं की सही करण्याआधी करारनामा मला पाठव. बाँड, म्हणजे नोकरी न सोडण्याची हमी, किती वर्षांचा, मध्येच सोडलं तर किती भरायचं, ट्रेनिंगच्या काळात पगार मिळतो का, सिम्युलेटरची सत्रं कमी पडली तर वाढवून देतात का, एवढं आधी बघू. घरावर कर्ज काढायचा विचार मात्र तोवर थांबव. पुढच्या रविवारी मी घरीच आहे. तिला घेऊन ये, दोघांशी मिळून बोलू.

वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग दंडवत.

तुझा,
श्रीकांत