न केलेला ब्लॅक बेल्ट माझ्या रिझ्युमेत घातल्याबद्दल तक्रार

धायरी, पुणे
१२ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(कंपनीचं नाव पाकिटावर आहे)
बाणेर, पुणे

विषय : ‘प्रोफेशनल रिझ्युमे व करिअर सल्ला’ पॅकेजचे ६,४८७ रुपये ६४ पैसे परत मिळण्याबाबत आणि लेखी खुलासा मिळण्याबाबत

स. न. वि. वि.

वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत मी २१ वर्षं क्वालिटीमध्ये काढली, त्यातली १६ भोसरीतल्या एकाच ठिकाणी. कस्टमरची तक्रार आली की तिला उत्तर लिहिणं हे माझं काम होतं. स्वतः कस्टमर होऊन तक्रार लिहायची ही पहिलीच वेळ. मायना चुकला असेल तर सांभाळून घ्या. मजकूर तीनदा तपासलाय.

गेल्या ऑगस्टमध्ये आमची लाइन गुजरातेत साणंदला गेली. ज्यांना घर सोडून जाणं जमत नव्हतं त्यांचा हिशेब झाला, त्यात मी आलो. मुलगी दहावीला आहे. नोकरी शोधायची तर रिझ्युमे हवा, आणि मी शेवटचा बायोडाटा लिहिला तो २००९ साली, झेरॉक्सच्या दुकानात बसून. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टल आहे, राज्याचं महास्वयम् आहे, दोन्हीकडे नोंदणीला पैसे पडत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी तुमच्याकडे आलो. रिजेक्शनचा रिपोर्ट मी इंग्रजीत झोपेतही लिहीन, पण स्वतःविषयी चार बऱ्या ओळी लिहायला बसलो की हात अडतो. ते काम जाणकाराकडून करून घ्यावं एवढाच हेतू होता.

२ नोव्हेंबरला रात्री तुमचं पान उघडलं. वर लाल आकडे पळत होते, ऑफर संपायला १४ मिनिटं. बायको म्हणाली, उद्या शांतपणे बघा. मी घाईने ४,९९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५,८९८ रुपये ८२ पैसे भरून टाकले. सकाळी चहा घेताना तिने तिच्या मोबाईलवर तेच पान काढलं आणि म्हणाली, “अहो, तुमची चौदा मिनिटं अजून चालूच आहेत.” यावर मी काही बोललो नाही. अशा खोट्या घाईला सरकारने ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत नाव दिलेलं आहे. ‘डार्क पॅटर्न’ म्हणून जे १३ प्रकार त्यात सांगितलेत, त्यांतला हा एक. दुसऱ्याकडे पुढे येतोच.

आधी सल्ल्याचं सांगतो, ते थोडक्यात उरकेल. ४५ मिनिटांचं सेशन १७ मिनिटांत आटोपलं. फोनवरचा मुलगा नम्र होता, समोरच्या कागदावरचे प्रश्न वाचत होता. माझं वय ऐकून तो म्हणाला, “सर, आता डेटा अ‍ॅनालिटिक्सला स्कोप आहे,” आणि तुमच्याच ३५,००० रुपयांच्या कोर्सची माहिती सांगू लागला. मी त्याला विचारलं, चाकणला सध्या पीपॅपची कागदपत्रं करणाऱ्या माणसाला मागणी कशी आहे? त्याला पीपॅप (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची प्रक्रिया) म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्याच्यावर माझा राग नाही. टार्गेट त्याच्या डोक्यावर असणार, आणि सल्लागार म्हणून त्याला बसवणारे तुम्ही.

आता रिझ्युमे. तुमच्या माणसाला मी फोनवर तपशील दिला होता आणि मेलवरही पाठवला होता. गिअर शाफ्ट आणि ब्रेक ड्रम या पार्टचं फायनल इन्स्पेक्शन. कंट्रोल प्लॅन, एमएसए (मोजमाप भरवशाचं आहे का याची तपासणी), पीपॅप मी स्वतः केलेले. वाहन उद्योगाचं क्वालिटीचं मानक आयएटीएफ १६९४९, त्याचा इंटर्नल ऑडिटर. कस्टमरकडचं रिजेक्शन २०१८ ते २०२३ या पाच वर्षांत ४२० पीपीएमवरून ६०च्या आसपास आणलं, म्हणजे दहा लाख नगांमागे ४२० खराब जायचे ते ६०वर आले. क्वालिटीवाल्या माणसाने हा एवढा आकडा वाचला तरी त्याला माझी पाच वर्षं कळतात.

तुम्ही बनवलेल्या दोन पानांत तो आकडा नाही. त्याजागी आहे ‘विक्रीत ३५ टक्के वाढ घडवणारे गतिमान नेतृत्व’. मी आयुष्यात एक बोल्टसुद्धा विकलेला नाही. आयएटीएफचा क्रमांक १६९९४ असा छापलाय. जीडी अँड टीपुढे (ड्रॉइंगवरच्या आकार-मापांच्या खुणांचं ज्ञान) पाचपैकी चार तारे आहेत. हे तारे कोणी मोजले, कशाने मोजले? आणि कौशल्यांच्या चौकटीत सगळ्यात वर, ठळक अक्षरांत : ‘लीन सिक्स सिग्मा ब्लॅक बेल्ट’.

मी ब्लॅक बेल्ट केलेला नाही. दोष कमी करण्याच्या सिक्स सिग्मा पद्धतीतलं ते वरच्या पातळीचं प्रमाणपत्र. २०१४ साली कारखान्यातच सेव्हन क्यूसी टूल्सचं (क्वालिटीची सात प्राथमिक साधनं) दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं, ते मी सांगितलं होतं. त्याचा ब्लॅक बेल्ट कसा झाला हे मला खरोखर जाणून घ्यायचंय.

तुम्ही म्हणाल, पाठवल्यावर तपासून घ्यायचं होतं. घेतलं की. तुमचा ड्राफ्ट २१ नोव्हेंबरला आला, २२ला मी नऊ चुका काढून परत पाठवला, त्यात ब्लॅक बेल्ट पहिल्या नंबरवर होता. दुरुस्त प्रत मला आलीही. पण ‘प्रोफाइल आम्हीच अपडेट करून देतो’ म्हणून नोकरीच्या पोर्टलचा माझा पासवर्ड तुम्ही सुरुवातीलाच मागून घेतला होता, आणि १८ नोव्हेंबरला, मला ड्राफ्ट दाखवायच्या तीन दिवस आधी, तीच चुकीची प्रत तिथे चढवली होती. दुरुस्तीनंतरही ती बदलली नाहीत. पासवर्ड दिला ही माझी चूक, ती मान्य. इनवर्ड इन्स्पेक्शन मी माल आल्यावर केलं, पण माल त्याआधीच लाइनवर गेला होता.

त्याचा परिणाम ८ डिसेंबरला बघायला मिळाला. चाकणच्या एका कारखान्यात जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने मुलाखत होती. धायरीहून दुचाकीवर निघालो, तळेगाव चौकातल्या गर्दीतून कसाबसा वेळेत पोचलो. क्वालिटी हेड माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल, बोलायला सरळ. माझ्या फायलीतली दुरुस्त प्रत मी त्याच्यापुढे ठेवली. त्याच्याकडे एचआरने पोर्टलवरून काढलेली प्रिंट होती. पहिला प्रश्न आला, “सर, ब्लॅक बेल्टचा प्रोजेक्ट कोणता केला होता तुम्ही?”

मी म्हटलं, तो केलेला नाही, ते चुकून पडलंय. त्याने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी लावले, कडा जुळवल्या, आणि एकेक ओळीवरून पेन्सिल फिरवत खाली आला. ड्रॉइंगची जुनी आणि नवी रिव्हिजन ताडून बघतात ना, तसं. विक्रीच्या ३५ टक्क्यांवर पेन्सिल थांबली. मग त्याने विचारलं, “यातली कंट्रोल्ड कॉपी कोणती?”

तुमच्या कार्यालयात या प्रश्नाचा अर्थ कुणाला कळेल का, माहीत नाही. कंट्रोल्ड कॉपी म्हणजे मंजूर, चालू असलेली प्रत. आमच्या धंद्यात हा फार लागट प्रश्न आहे. मशीनवर जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग लटकलेलं सापडलं म्हणून मी माणसांना फैलावर घेतलंय. आणि आता माझ्याच नावाच्या दोन रिव्हिजन, एकमेकींशी न जुळणाऱ्या, माझ्यापुढे पडल्या होत्या. त्याने चहा पाजला, २० मिनिटं चांगलं बोलला, ‘कळवतो’ म्हणाला. अजून कळवलेलं नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही कळवलं नसतं.

त्याच रात्री पासवर्ड बदलला आणि ती प्रत स्वतः काढून टाकली. तोवर ती २० दिवस तिथे होती. किती जणांनी उतरवून घेतली असेल, कुणास ठाऊक.

मुलाखतीच्या दोन दिवस आधी तुमचा मेसेज आला होता, ‘अभिनंदन! आमच्या रिझ्युमेमुळे तुमचं प्रोफाइल एका कंपनीने डाउनलोड केलंय. आम्हाला पाच स्टार द्या!’ ती मुलाखत सहकाऱ्याच्या शब्दावर मिळाली होती. पण त्यापेक्षा मोठा प्रश्न हा की डाउनलोड झाल्याचं तुम्हाला कसं कळलं? म्हणजे काम संपल्यावरही माझ्या खात्यात तुमची ये-जा चालू होती.

‘एटीएस स्कोअर ९४’ हा तुमचा दावाही मी पडताळून पाहिला. एटीएस म्हणजे आलेले रिझ्युमे चाळणारं कंपन्यांचं सॉफ्टवेअर. मुलीने युक्ती सांगितली. पीडीएफमधला सगळा मजकूर निवडायचा, कॉपी करायचा आणि साध्या नोटपॅडमध्ये टाकायचा. कंपन्यांचं सॉफ्टवेअर साधारण तेवढंच वाचतं. तुम्ही पानाचे दोन उभे रकाने पाडलेत, त्यामुळे डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत घुसली आणि नोटपॅडमध्ये आलं ते असं : ‘मायक्रोमीटर भोसरी टीमवर्क २००९ डिप्लोमा हसतमुख’. मोबाईल नंबर तर आलाच नाही. तो तुम्ही फोनच्या चित्रासकट चित्र म्हणूनच बसवला होता. मग ९४ आले कुठून? तुमच्याच साइटवरच्या तुमच्याच यंत्राने दिले. प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, प्रत्येक जागेच्या अटी वेगळ्या, तिथे सगळीकडे चालणारा एकच स्कोअर असतो तरी कसा? पार्टही तुमचा आणि गेजही तुमचंच. आमच्याकडे साधं व्हर्निअरसुद्धा ठरल्या मुदतीने कॅलिब्रेशनला जातं.

आता तो दुसरा डार्क पॅटर्न. २ डिसेंबरला माझ्या खात्यातून ५८८ रुपये ८२ पैसे गेले. चौकशी केल्यावर कळलं की पॅकेजसोबत ‘प्रोफाइल बूस्ट’ नावाची ४९९ रुपये अधिक जीएसटी अशी महिन्याची वर्गणी चालू झाली आहे. पैसे भरायच्या पानावर, सगळ्यात खाली, आधीच टिक केलेला एक चौकोन होता म्हणे. पैसे कापण्याआधी एक दिवस बँकेचा मेसेज येतो, तो मी जाहिरात समजून सोडून दिला. १ जानेवारीला पुन्हा तसाच मेसेज आला तेव्हा वाचला, आणि यूपीआयच्या अ‍ॅपमधल्या ऑटोपेत जाऊन मँडेट रद्द केलं. तुमच्या साइटवर मात्र ही वर्गणी बंद करायचं बटण मला पाऊण तास शोधून सापडलेलं नाही. चालू करायला एक चौकोन पुरला होता.

हे सगळं मी ९ डिसेंबरला मेलने कळवलं. ‘तुमचं तिकीट तयार झालं आहे, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढं यंत्राचं उत्तर आलं. आज ३४ दिवस झाले. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पोच आली असं फार तर धरतो.

आमच्याकडे तक्रारीला एट-डी म्हणून आठ पायऱ्यांचं उत्तर द्यावं लागतं, आणि कस्टमर ते उलटसुलट तपासतो. खराब माल पुढे जाऊ नये म्हणून लगेच काय केलं, हे तिसऱ्या पायरीला. मूळ कारण चौथ्या पायरीला. तिथे ‘ऑपरेटरची चूक’ असं लिहिलं की कागद परत येतो. सगळं निस्तरल्यावर, आठव्या पायरीला, टीमचं अभिनंदन. तुम्ही अभिनंदनापासूनच सुरुवात केलीत.

म्हणून मला तुमच्याकडून हवंय ते असं. पॅकेजचे आणि वर्गणीचे मिळून ६,४८७ रुपये ६४ पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करा. माझा पासवर्ड आणि ती चुकीची प्रत तुमच्याकडे कुठे कुठे साठवलेली आहे ते बघून पुसा, आणि पुसल्याचं लेखी द्या. आणि सेव्हन क्यूसी टूल्सचा ब्लॅक बेल्ट कोणत्या टेबलावर झाला ते कळवा. माणसाने केला की तयार मजकुराच्या साच्यातून आपोआप आला? साच्यातून आला असेल तर तुमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांच्या रिझ्युमेतही असले बेल्ट असणार, आणि त्यांतलं कुणीतरी उद्या मुलाखतीला जाणार आहे. त्यांना आधी कळवा. माझे पैसे चार दिवस उशिरा आले तरी चालेल, पण हे काम थांबवू नका.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघेन. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि तेवढ्याने भागलं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, एवढ्या रकमेला फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मला सध्या वेळही आहे.

सोबत पैसे भरल्याच्या दोन्ही पावत्या, २२ नोव्हेंबरचा नऊ चुकांचा मेल, रिझ्युमेच्या दोन्ही प्रती (फरक लाल पेनाने दाखवलाय) आणि नोटपॅडमधल्या मजकुराची प्रिंट जोडली आहे.

आपला ग्राहक
(नाव व मोबाईल नंबर पावतीवर आहे)

ता. क. उत्तर लेखीच पाठवा, फोन करू नका. फोनवर तुम्ही पुन्हा त्याच मुलाला बसवाल, आणि यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर त्याच्याजवळ नाही.